मासळीच्या दुकानापुढची म्यूरिअल

सँडहोल्मच्या किनाऱ्यावर आरामखुर्च्या भाड्यानं द्यायचं काम मी बावीस वर्षं केलं. तेवढ्या काळात माझ्या हातून एकच बाई दगावली, आणि तीही बोटभर उंचीची.

सप्टेंबर सरत आला होता. गिऱ्हाईक औषधालाही नव्हतं. वारा असा, की सीगलसुद्धा उडायचं सोडून पायी फिरत होते. वळसा वाचावा म्हणून मी खांद्यावर खुर्ची टाकली आणि लेनर्ड क्रॅब्ट्रीच्या चिमुकल्या गावातून निघालो. गुडघ्याएवढं चर्च ओलांडलं, स्टेशन ओलांडलं, आणि वाऱ्यानं खुर्चीचं कापड शिडासारखं फुगवलं. मी भेलकांडलो. बुटाखाली काडकन वाजलं.

"कोण गेलं रे, खुर्चीवाल्या?" फाटकाशी गावाची तिकिटं विकणारी डोरीन खिडकीतून ओरडली.

मी पाय उचलला. मासळीच्या दुकानापुढची, निळ्या कोटातली.

"म्यूरिअल."

डोरीननं खिडकी लावून घेतली.

लेनर्डचं गाव म्हणजे आमचंच सँडहोल्म, माणसांसकट लाकडात कोरलेलं. पाहुणे तिकीट काढून गंमत बघायचे, आम्ही मात्र स्वतःला शोधायला जायचो. दर वर्षी मोसम संपला की लेनर्ड सगळ्यांना खोक्यात भरून घरी न्यायचा आणि नवा रंग द्यायचा. त्यात मुलाहिजा नाही. टक्कल पडलं की टक्कल, पोट सुटलं की पोट. "लेका, चिप्स कमी कर," मला म्हणायचा, "तुझ्या पोटाला लाकूड पुरेना."

आणि जो मेला, तो गावातून उचलून बिस्किटांच्या डब्यात. डोरीनचा नवरा दफनाच्या दुसऱ्या दिवशीच डब्यात गेला. "पाद्र्यानं निदान प्रार्थना तरी म्हटली," ती वर्षानुवर्षं ऐकवायची, "ह्या मेल्यानं नुसतं झाकण लावलं!"

फक्त म्यूरिअल, लेनर्डची बायको, जाऊन अकरा वर्षं झाली तरी मासळीच्या रांगेत उभी होती. त्यानं तिला पुन्हा रंग दिला नाही आणि हलवलंही नाही. सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोललं नाही. डोरीनसुद्धा नाही.

मी दोन तुकडे रुमालात बांधून त्याच्या घरी नेले. त्यानं ते जुळवून बघितले, पुन्हा वेगळे केले आणि खिडकीत ठेवले. मला चहा दिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आठवडाभरानं डोरीननंच मला पिटाळलं. "जा, त्याला म्हणावं, नवी कर. माझी हरकत नाही म्हणावं."

गेलो. स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून अख्खं गाव आडवं पडलं होतं. लेनर्ड पोस्टमनच्या मिशा पांढऱ्या करत होता. तुकडे अजून खिडकीतच होते.

"अरे, नवी नको तर नको, नुसता सरस लाव," मी म्हणालो. "होती तिथं उभी कर. गावात कुणी चकार शब्द काढणार नाही. डोरीनचा तसा निरोप आहे."

त्यानं ब्रशवरून नजर काढली नाही.

"मेलीय ती."