बटण मी बंद केलं

"आजी, हे बंद कोणी केलं?"

"मी केलं. कोणी नसताना जळत होतं."

"कोणी नसताना? आत बारा जण आहेत!" माझी नात किंचाळली.

ती अंडी उबवायच्या मशीनपुढे उभी होती. मशीन कसलं, झाकणाचा एक डबा. आत ऊब धरणारी तार, पाण्याची ताटली आणि कोंबडीची बारा अंडी. सकाळी नऊला मी तिची खोली झाडली आणि बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद केली. आयुष्यभर करत आले आहे. एसी तेवढा चालू राहिला, कारण तो रिमोटवर चालतो आणि रिमोट मला कळत नाही. आता दुपारचा एक वाजला होता. चार तास अंडी थंडीत पडून होती.

नात बटण लावायला धावली. घाईत कोपर लागून डबा कलला, आतली पाण्याची ताटली उलटली, मशीन फट् करून वाजलं आणि मेलं. म्हणजे अर्धी चूक तिची होती. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

मशीन आणि अंडी शाळेची. त्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या, कोलंबियाच्या. तो देश कुठे ते मुलाने मला नकाशात दाखवलं. ओमानवरून बोट निघालं ते पार कागदाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. बाई नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कतला आल्या, नवरा वारल्यावरही इथेच राहिल्या, शिकवत राहिल्या. गेल्या वर्षी त्याही गेल्या. साठवलेलं सगळं शाळेच्या प्रयोगशाळेला दिलं. यंदापासून त्यांच्या नावाने विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी सगळ्यांसमोर अंड्यातून पिल्लं बाहेर पडताना दाखवायची, असं ठरलं. पिल्लं निघायचा एकविसावा दिवस सोमवारी येत होता. कार्यक्रमही सोमवारीच. शुक्रवार-शनिवार शाळा बंद, म्हणून मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मशीन आमच्या अल खौदच्या घरी आलं. नात आठवडाभर नाचत होती. त्यात अठराव्या दिवशी मी हे केलं.

त्या बाईंना मी एकदाच भेटले. पालकसभेला सुनेला सुटी नव्हती, म्हणून मुलाबरोबर मी गेले. नातीने त्यांना सांगितलं, माझ्या आजीच्या गावाला कोंबड्या होत्या. लगेच बाईंनी हातांचे पंख केले आणि खुडूक कोंबडीचा आवाज काढला. मी म्हटलं, "असा नाही," आणि बरोबर काढून दाखवला. मागच्या रांगेतले पालक बघत राहिले. बाईंनी माझ्यासारखा काढून बघितला. तरी चुकलाच. पण बाई बरी होती.

नात रडायला लागली. "सगळे पोयीतो मेले." पोयीतो म्हणजे त्या बाईंच्या भाषेत पिल्लू. मराठी पिल्लू शब्द हिला आठवत नाही, हा मात्र पाठ.

मी एक अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावलं. गार होतं, पण दगडासारखं नव्हतं. कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसली तरी दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, पाणी पिते. तेवढ्याने अंडी मरत नाहीत. चार तास मात्र ती कधी उठत नाही, हेही मला ठाऊक होतं. ते मी नातीला सांगितलं नाही.

मुलगा मशीन घेऊन दुरुस्तीवाल्याकडे निघाला. शुक्रवार असल्यामुळे चारच्या आधी दुकान उघडणार नव्हतं. "तोवर अंडी कुठे ठेवायची?" त्याने विचारलं.

"गॅलरीत."

"आई, बाहेर चाळीस आहे!"

"मग? कोंबडीच्या पोटाखाली काय एसी असतो?"

मे महिना होता. गॅलरीचं दार उघडलं की तोंडावर तापल्या तव्याची धग येते. आजवर त्या उन्हाला मी फक्त शिव्या दिल्या होत्या. पातेल्यात माझं जुनं मऊ लुगडं घातलं, अंडी ठेवली, वर ओला पंचा टाकला आणि पातेलं सावलीत घेऊन खुर्चीवर बसले.

सून दारातून म्हणाली, "अहो आई, आता तुम्हीच बसा रवणीला."

"बसले असते. वजन बघ माझं."

रडणारी नात तेवढ्यात हसली. मशीनमधला थर्मामीटर घेऊन ती शेजारी बसली. तो म्हणायचा एकोणचाळीस, माझी पापणी म्हणायची जास्त झालं. मी पातेलं आत सरकवायची, ती म्हणायची, "थांब, थर्मामीटर काय म्हणतो बघू." दोघींचं एकमत झालं की अंडी फिरवायची. माझं डोकं दुखायला लागलं, पाठीला घामाच्या धारा लागल्या. पाचला मुलगा सुधारलेलं मशीन घेऊन आला तेव्हा मी उठले, आणि उठताना गुडघे कटकट वाजले.

मग वहीचा प्रश्न आला. रोज काय झालं ते वहीत लिहायचं असतं. सून म्हणाली, "लाइट गेली होती, असं लिही ना. आजीचं कशाला?"

मी म्हटलं, "इथे लाइट कधी जाते? कोणाला खरं वाटेल?"

नात पेन धरून माझ्याकडे बघत होती. "मिस म्हणायची, जे झालं तेच लिहायचं. पण तुला सगळे हसतील."

"हसू देत. लिही."

तिने इंग्रजीत लिहिलं आणि मला मराठीत सांगितलं: अठरावा दिवस. आजीने वीज वाचवली. चार तास.

रविवारी अंडी शाळेत परत गेली. मुलाने गाडीचा एसी बंद ठेवला, आणि सगळे घामाघूम झाले.

सोमवारी मीही गेले. टेबलावर बाईंचा फोटो, त्याला हार, पलीकडे मशीन. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं. अंडी ढिम्म. नातीने वही वाचली. अठरावा दिवस आला तेव्हा अख्खं सभागृह हसलं. माझ्या शेजारची बाई इतकी हसली की मला तिला धक्का द्यावा लागला. मला त्याचं काही नव्हतं. मी अंड्यांकडे बघत होते.

नात वाचून खाली उतरतच होती, तेवढ्यात पुढे बसलेलं एक पोर ओरडलं. कडेच्या अंड्याला भोक पडलं होतं. त्यातून चोच दिसली, आत गेली, पुन्हा आली. मुलं खुर्च्यांवर चढली. शिक्षक "बसा, बसा" म्हणत स्वतःच पुढे धावले. नात उलटी वळली ती धडपडत व्यासपीठावर गेली आणि तिथून मला हातवारे करायला लागली. मी हात वर केला. बसल्या जागेवरून मला ओलं, चिकट डोकं बाहेर येताना दिसलं.

कार्यक्रम संपेपर्यंत तीन बाहेर आली, रात्रीत आणखी चार. एक अंडं तर मुळातच नासकं निघालं. बाकीची चार फुटलीच नाहीत.

बारातली सात पिल्लं जगली.