गुळाआधीचं ऑब्जेक्शन

हिरासिंग राठोड पुसदच्या कोर्टात शिपाई होता. साहेबांच्या दाराशी उभं राहायचं, पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा आणि उरलेला वेळ ऐकत राहायचं, असं त्याचं आयुष्य गेलं. ऐकता ऐकता एक शब्द त्याच्या अंगात मुरला. एक वकील बोलत असला की दुसरा ताडकन उठून म्हणे, "ऑब्जेक्शन." साहेबांचा पेन थांबे. साहेब कधी मान डोलावत, पण बहुतेक वेळा म्हणत, "नोंद घेतली, पुढे चला." काम पुढे जाई. दुपारी तेच दोन वकील कँटीनमध्ये एका बशीतली भजी खात बसलेले दिसत. हिरासिंगला याचं फार नवल वाटे. मराठी कागदांत याच गोष्टीला हरकत लिहिलेलं असे, पण हरकत म्हटल्यावर कुणी मान वर करत नसे. ऑब्जेक्शन म्हटलं की अख्खं कोर्ट जागं होई.

निवृत्त होऊन तो महागावकडच्या आपल्या तांड्यावर परतला. तांड्याचा नायक इंद्रजित तरुण होता, नवं काही करायची हौस असलेला. त्यानं हिरासिंगला विचारलं, "काका, कोर्टात निकालाच्या आधी काय करते?"

"इचारते," हिरासिंग म्हणाला. "कोणाचं ऑब्जेक्शन हाय का म्हणून."

एवढंच तो बोलला होता. पण तांड्याच्या बैठकीत, जिला बंजारे नसाब म्हणतात, इंद्रजित प्रत्येक ठरावाआधी तो प्रश्न विचारू लागला आणि शब्दाला पाय फुटले. क्रिकेट खेळणारी पोरं आऊट झाली की ऑब्जेक्शन घेऊ लागली. कुणी बारशाला रुसून जेवला नाही, तर त्यानं ऑब्जेक्शन घेतलं म्हणत. हिरासिंगची बायको शकुबाई ताट वाढताना म्हणे, "भाजीत मीठ जास्त पडलं. हाय काही ऑब्जेक्शन?"

"नाई."

"असलं तरी कोणाले सांगता."

रुसणं, भांडण, नकार, टोमणा, सगळ्याला तोच शब्द. आपण कोर्टातून नेमकं काय उचलून आणलं, ते हिरासिंगला कळेनासं झालं.

खरा घोळ सभामंडपाचा झाला. सेवालाल महाराजांच्या देवळापुढे मंडप बांधायचा, हा हिरासिंगच्या धाकट्या भावाचा, अमरसिंगचा ध्यास. जागा होती तांड्याची गुरं सकाळी गोळा होतात ती. इंद्रजितनं नेहमीप्रमाणे विचारलं आणि हिरासिंग उठून म्हणाला, "ऑब्जेक्शन. गुरं कुठं थांबतीन?" उभ्या जन्मात त्यानं स्वतः पहिल्यांदाच ऑब्जेक्शन घेतलं होतं. त्याला वाटलं, आता कुणी नोंद घेतली म्हणेल, काम पुढे जाईल, आपणही होकाराचा हात वर करू. पण नसाबीत सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरत नाही. नोंद घेऊन पुढे जायची रीतच नाही. मंडप तिथंच अडला. लोक उठून गेले.

त्या दिवसापासून अमरसिंग भावाशी बोलला नाही. दोघांची घरं समोरासमोर. संध्याकाळी अमरसिंग अंगणात बाज टाकी ती पाठ हिरासिंगकडे करून. हिरासिंग चारदा समजावायला गेला आणि अंगणातूनच परत आला. समजावणार तरी काय? आपण विरोध केला होता की नुसतं विचारलं होतं, हे त्याचं त्यालाच धड सांगता येत नव्हतं.

अशात अमरसिंगच्या नातीची, पायलची सोयरीक जमली. तांड्यात नायकासमोर दोन्हीकडचे लोक गूळ खातात आणि सोयरीक पक्की होते. तोंडात गेलेला गूळ मागे येत नाही, असं म्हणतात. पण घरातला वडीलधारा बसल्याशिवाय गूळ फोडत नाहीत. म्हणून अमरसिंगला भावाला बोलवावंच लागलं. स्वतः न येता त्यानं पायलला पाठवलं.

"मोठे आबाजी, परवा गुळाले या."

"त्यानं म्हटलं?"

"याडीले म्हटलं. याडीनं मले सांगतलं."

आईचा निरोप देऊन झाला तरी ती जाईना. बाजेच्या दोरीशी चाळा करत म्हणाली, "पोरगा चांगला हाय. माही ना नाई. पण दिवाळी झाली की लगेच लग्न म्हणून राह्यले ते. ऊसतोडीच्या मुकादमाले नवरा-बायकोची जोडी सांगून ठेवली म्हणते. म्हणजे लग्न झालं की मी कोयता घेऊन उसात. माह्यं कॉलेजचं शेवटचं वर्ष हाय."

"मंग बापाले सांग."

"बाप म्हणते आबाजीले सांग. आबाजी म्हणते, गुळात पोरी बोलत नाई. तुमी बोला ना. तांड्यात ऑब्जेक्शन तुमीच आणलं."

ती गेल्यावर हिरासिंग दोन्ही बाजू तोलत बसला. बोलावं तर जेमतेम उघडू पाहणारं भावाचं दार कायमचं बंद. न बोलावं तर पोरगी उसाच्या फडात. त्यानं शकुबाईला विचारलं.

"मले कायले इचारता?" ती म्हणाली. "मी काय जज हाय?"

गुळाच्या दिवशी अमरसिंगच्या अंगणात सतरंज्या पडल्या. मध्ये पितळी ताटात गुळाची ढेप. पोराचा बाप गुलाबसिंग ताटाच्या पलीकडे, शेजारी मान खाली घातलेला पोरगा. दारामागे पायल. इंद्रजितनं सवयीनं विचारलं, "कोणाचं काही ऑब्जेक्शन?" आणि त्याच सवयीनं सगळ्यांनी हिरासिंगकडे पाहिलं. अमरसिंगनं तेवढं पाहिलं नाही.

हिरासिंग उठला.

"हाय," तो म्हणाला. "म्हणजे सोयरिकीले नाई. लग्न उन्हाळ्यात ठेवा. पोरीचं शिक्षण होऊ द्या. येवढी नोंद घ्या अन्..."

तो तिथंच अडखळला. नोंद घेऊन पुढे चला म्हटलं, तर पोरगी उसातच जाणार. ते ऑब्जेक्शन आज काय कामाचं? कोर्टातलं सोडून आज त्याला तांड्यातलंच हवं होतं, ज्यानं मंडप अडला होता तसलं.

"नोंद नका घेऊ," तो घाईनं म्हणाला. "थांबाच."

मग कितीतरी दिवसांनी अमरसिंगचा आवाज त्याच्या कानावर आला.

"भिया, तेव्हाबी असंच थांबवलं होतं."

"तेव्हा थांबवाचं नव्हतं."

"अन् आता?"

"आता थांबवाचं हाय."

अमरसिंग ढेपेकडे बघत राहिला. त्याला काय समजलं, कुणास ठाऊक. गुलाबसिंग म्हणाला, "पण मुकादमाले जोडी सांगतली ना मी."

"मंग दुसरी जोडी सांगा," अमरसिंग म्हणाला. "गूळ आजचा, लग्न उन्हाळ्यातलं. जमत असन तर ताटाले हात लावा."

गुलाबसिंगनं पोराकडे पाहिलं. पोरानं मान वर न करताच होकार दिला. गुलाबसिंगनं जरा कुरकुरत ताटाला हात लावला. अमरसिंगनं ढेप फोडली आणि रीतीप्रमाणे पहिला खडा थोरल्या भावाच्या हातावर ठेवला. ही रीत होती की आणखी काही, याचा विचार करत हिरासिंगनं गूळ खाल्ला.

संध्याकाळी अमरसिंगनं अंगणात बाज टाकली. हिरासिंग आपल्या ओट्यावरून बघत होता. बाज आज आडवी पडली होती. अमरसिंग तिच्यावर बसला, तर तोंडही इकडे नाही आणि पाठही नाही.

"याले काय समजाचं?" हिरासिंगनं शकुबाईला विचारलं.

"मी चहा टाकून राह्यली," ती आतून म्हणाली. "दोन कप टाकू का तीन?"

हिरासिंगनं पुन्हा एकदा समोरच्या बाजेकडे पाहिलं.

"तीन टाक," तो म्हणाला. "मी हाक मारून पाहतो."