सांगकाम्या मशीन आणि बर्गेसाहेबांचे जर-तर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. गवतातून चालताना धोतराला कुसळं चिकटतात, तसे ते चिकटतात. आम्ही साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातली जुनी मंडळी कुठल्याही लग्नात भेटलो, की जेवणाची पंगत उठते पण आम्ही उठत नाही. आणि विषय एकच, आमचे शेतकी अधिकारी बर्गेसाहेब!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा कुणाचा ऊस आधी तुटणार हे चिठ्ठीवर ठरायचं. ज्याची ओळख मोठी, त्याची चिठ्ठी आधी. बाकीच्यांचा ऊस उभ्या जागी वाळायचा. हे बर्गेसाहेबांना बघवेना. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीतलं मशीन, म्हणजे त्या काळचा कॉम्प्युटर, भाड्यानं ठरवलं. आम्ही एकेका शेतकऱ्याच्या माहितीप्रमाणे कार्डांना भोकं पाडायची, कार्डांची ट्रंक एस.टी.नं पुण्याला न्यायची, आणि मशीन तोडीचा क्रम छापून देणार! चेअरमन होते आबा. त्यांनी बजावलं, "बर्गे, एक हंगाम देतो. लोक बोंबलले, तर मशीन बंद, चिठ्ठ्या चालू, आन् तुमी घरी."

आता मशीन म्हणजे काय हे आम्हाला कुठं ठाऊक? साहेब म्हणाले, "शुद्ध सांगकाम्या. 'जर असं असेल, तर तसं कर,' एवढंच त्याला कळतं." नमुना म्हणून त्यांनी दगडू शिपायाला एक नियम दिला. "जर पाहुणा ऑफिसात आला, तर चहा द्यायचा. आपलं डोकं चालवायचं नाही!"

दगडू आधीच इरसाल. पोस्टमन आला, चहा. भांडायला आलेला माणूस, त्यालाही चहा. एक पाटील तंबाखू थुंकायला सारखे बाहेर जायचे आणि परत यायचे. दर वेळी दगडू कप घेऊन हजर! दुपारपर्यंत दूध संपलं. साहेबांनी विचारलं तर म्हणतो, "आवं सायेब, त्यो आत आला की! आला तर द्ये, असंच सांगितलंय न्हवं?"

आम्हाला वाटलं, आता दगडूची खैर नाही. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "बघा, हे आपलं मशीन! चूक त्याची नाही, माझी. पाहुणा कुणाला म्हणायचं, हे मी सांगितलंच नव्हतं."

मग साहेब तात्यांच्या मागं लागले. तात्या म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, वर्षानुवर्षं चिठ्ठ्या वाटलेले. साहेब एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून विचारायचे, "याला आधी का दिली?" एकदा तात्या म्हणाले, "त्येच्या घरात लगीन हाय. मान्सं पत्रिका वाटतील का उसाच्या फडात थांबतील?" साहेबांना हे लय पटलं. झाला नियम! जर घरात लग्न, तर तोड आधी.

अहो, पंधरवड्यात सगळ्या तालुक्याला लग्नाचं वारं शिरलं! गठ्ठ्यानं पत्रिका. एका गावातून दोन आल्या. तारीख एक, मांडव एक, नवरी एक, आणि नवरदेव दोन! साहेबांनी दोन्ही नवरदेवांच्या बापांना समोर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "आधी पोरीला ठरवू द्या. मग तोडीचं बघू."

नियम त्याच दिवशी खोडला. आम्ही त्या दोघांना शिव्या घालत होतो, तर आमच्यावरच डाफरले, "नियम फसला की नियम बदलायचा. माणसांवर कशाला खेकसता?" असा साहेब पुन्हा बघितला नाही बघा.

त्या साली आणखी एक भानगड. तोडीला आलेला ऊस लावला आदल्या साली, आणि तेव्हा पंचांगात श्रावण आले होते दोन, एक अधिक आणि एक नेहमीचा. आणि आमच्याकडं उसाच्या लावणीची तारीख कोण सांगतो? "श्रावणात लावला," संपलं. कुठल्या श्रावणात? तर सगळे छातीला हात लावून, "पयल्या!" कारण ज्याची लावण आधी, त्याची तोड आधी. मी म्हटलं, "साहेब, सगळे खोटं बोलतायत. पोलीस आणू का?" साहेब हसले. म्हणाले, "नुसता प्रश्न बदल. तारीख विचारूच नकोस. त्या साली नागपंचमीला लेक माहेरी आली तेव्हा ऊस केवढा होता, असं विचार."

नागपंचमी नेहमीच्या, म्हणजे दुसऱ्या श्रावणात. पहिल्यात लावलेला ऊस तोवर उगवून वर आलेला असणार! मी विचारत सुटलो. लेकीचं नाव काढलं की माणूस विरघळतो, खोटं बोलायचं भानच राहत नाही. वडूजकडचा एक गडी, त्याचा पाहुण्याच्या विहिरीच्या पाण्यावर दोन एकर ऊस. मघाशी देवाची शपथ घेऊन 'पयला' म्हणणारा. म्हणाला, "कुटला ऊस गड्या? लेक आली तवा लावणीसाठी सऱ्या पाडत हुतो की!" आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

हंगाम सरत आला आणि एक दिवस आबा आले. जावयाचा ऊस आधी तोडायचा म्हणाले. साहेब म्हणाले, "घेऊ की! फक्त नियम करावा लागेल." आमची रीत अशी, की प्रत्येक नियम पुण्याला जायच्या आधी गेटवरच्या फळ्यावर लिहायचा. साहेब गेले आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'जर शेतकरी चेअरमनचा जावई असेल, तर पहिली तोड.'

गाडीवान जमले. एक जण मोठ्यानं वाचायला लागला. आबांचा चेहरा लालबुंद! आम्हाला वाटलं, साहेबांनी आता बिस्तरा बांधावा. आबांनी खडू हिसकावला, फळा पुसला आणि लिहिलं, 'जर शेतकरी चेअरमनचा नातेवाईक असेल, तर शेवटची तोड.' खडू फेकून म्हणाले, "हं! धाडा पुण्याला!"

दुसऱ्या दिवसापासून नोंदणीच्या खिडकीवर साहेब प्रत्येकाला विचारू लागले, "चेअरमनशी नातं?" आणि आबांचा गोतावळा आटला. जन्मभर 'आबा आमचं' म्हणून मिरवणारे खिडकीशी येऊन सांगू लागले, "आबा? नुस्ती वळख हाय." सख्खा मेव्हणा म्हणाला, "लांबचं हायती." आणि जावई? "सध्या आमचं बोलनं न्हाई!"

शेवटी वैनीसाहेब आल्या, आबांच्या मंडळी. माहेरकडून आलेली जमीन त्यांच्या स्वतःच्या नावावर, ऊस तुऱ्यावर येऊन वाळायला लागलेला. खिडकीशी रांग लागलेली, दोन डायरेक्टर मजा बघायला उभे. आबा केबिनच्या दारात उभे. बाईंनी नातं नाकारलं असतं, तर नियम फक्त गरिबाला, अशी बोंब संध्याकाळपर्यंत कराडपर्यंत गेली असती. मशीन गेलं असतं आणि साहेबही गेले असते. पण साहेबांनी सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं, "वैनीसाहेब, चेअरमनशी नातं?"

बाईंनी पदर नीट केला. एकदा दाराकडं बघितलं.

"लिवा, हाय म्हनून. ऊस वाळला तर चुलीत घालीन. कुकू कसं पुसू?"