फुलं तेवढी खुडली

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, असं मी आपलं धरून चालले होते. अमेरिकेत नेवाडातल्या एका राखीव टेकडीवर गेले तेव्हा कळलं, की हिवाळ्यात जरा पाऊस झाला तर वसंतात वाळवंटही फुलतं. फिकट उजेड, कसला म्हणून आवाज नाही, आणि खडकांच्या फटींतून जांभळे ॲस्टर. आपल्याकडे गणपतीत बाजारात येतात ना, त्यांचेच हे रानातले भाऊबंद. इतके हळू डुलत होते, की मला वाटलं आपण अजून गाडीत झोपलोच आहोत.

माझी लेक इथल्या विद्यापीठात वाळवलेली झाडं जपून ठेवण्याचं काम करते. या टेकडीवरचा ॲस्टर तिच्या कपाटात नव्हता, आणि त्यावाचून तिचा अभ्यास अडला होता. ऊन तापलं की सगळं करपणार. परवानगीही तीनच झाडांची. तिनं त्या झाडांना गुलाबी फिती बांधल्या, माझ्याकडे पिशवी दिली आणि म्हणाली, "आई, तू हे कलेक्ट कर, मी वरच्या झाडांचे फोटो काढून येते."

चपला काढाव्यात असं फार वाटलं, पण काटे होते. मग सवयीनं देठाशी नख लावून एकेक फूल खुडलं. वास घेतला नाही. झाड ओकंबोकं करू नये, म्हणून कळ्या राहू दिल्या. पिशवीत खुरपं होतं; ते विंचवासाठी असेल, असं मला वाटलं.

दोन झाडं झाली तोवर लेक खाली आली. पिशवीत डोकावली.

"आई, हे काय?"

"फुलं."

"आणि झाडं?"

"आहेत की जागच्या जागी. त्यांना कशाला हात लावायचा?"

ती खडकावर बसून हसायलाच लागली. "अगं, पूजा नाहीये. मूळ, खोड, पानं, सगळं लागतं मला. आता एकच उरलंय."

तिनं खुरपं माझ्याच हातात दिलं. फुललेलं झाड उपटायचं, माझा हात धजेना. मी झाडाला म्हटलं, "येतेस ना बाई?" मग हळूहळू माती उकरली, आणि सगळं मूळ अख्खं वर आलं.

"या फुलांतली चार देवाला नेऊ?" मी विचारलं.

"नाही गं. इथलं काही घरी नाही न्यायचं. सगळं कपाटात."

मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे एकदा तिनं मला ते कपाट दाखवलं. थंडगार, शांत खोली. पांढऱ्या कागदावर माझं झाड मुळासकट निजलेलं, एक पान मुद्दाम उलटं, पाठ दिसावी म्हणून. कोपऱ्यात कागदाची इवलीशी पुडी, आत मी खुडलेली फुलं. घरी देवापुढची फुलं दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जातात. ही अजून जांभळी होती. माझे हात आपोआप जोडले गेले.

"आणि टेकडीवरच्या त्या दोघी?" मी विचारलं.

"मूळ आहे ना जागेवर. पाऊस झाला तर परत फुलतील."

"मग मला ने बघायला."

"नेईन," ती म्हणाली, "पण पिशवी मी धरणार."