डबल स्टँड

संस्कृती भाडळेचं नाव कुठल्याही स्कूटरवर नाही. चिंचवडच्या एका कंपनीत ती स्कूटरचे भाग डिझाइन करते आणि तिच्या वाट्याला नेहमी खालचे, चिखलात राहणारे भाग येतात. इंजिन दुसऱ्यांचं, दिवे दुसऱ्यांचे. संस्कृतीकडे स्टँड.

ती वाघोलीची. शेतात इमारती उठल्या तेव्हा तिच्या आईनं, विजयमालाबाईंनी, पन्नाशीत स्कूटर शिकून घेतली. चालवायच्या झोकात. अडायचं ते थांबल्यावर. पतसंस्थेसमोर गाड्यांची दाटी, तिथं डबल स्टँडच लावावा लागे आणि तो त्यांच्यानं लागत नसे. मग येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचं, "भाऊ, जरा लावता का?" एकदा एका भावानं लावून दिला आणि वर म्हणाला, "झेपत नाही तर आणता कशाला?" तेव्हापासून स्कूटर पत्र्याखाली धूळ खात होती आणि विजयमालाबाई रस्त्यावर रिक्षाची वाट बघत होत्या.

नव्या मॉडेलचं काम आलं तेव्हा संस्कृतीनं मनाशी ठरवलं, हा स्टँड आईला लागला पाहिजे. पाय देण्याची दांडी लांब केली की जोर कमी लागतो. पण लांब दांडी पुण्याच्या गतिरोधकांना घासली. नमुना खरवडून परत आला. मग तिनं दांडीचा नाद सोडला आणि स्टँडच्या तळव्याकडे, जमिनीला टेकणाऱ्या भागाकडे वळली. त्याला तिनं डुलत्या खुर्चीच्या बुडासारखं वळण दिलं. गाडी हिसक्यानं उचलावी लागू नये, लोळत वर यावी. वळण जास्त झालं की उभी गाडी डुगडुगे. कमी झालं की पुन्हा हिसका. ती काढत राहिली, पुसत राहिली.

तिचे साहेब श्रीनिवास देवस्थळी नमुना बघून म्हणाले, "संस्कृती, स्टँड बघून गाडी कुणी घेतं का? लोक रंग बघतात."

"घेताना रंगच बघतात, सर. नंतर रोज स्टँड लावतात."

"आपल्या चाचणीच्या पोरांना जुना सहज लागतो."

"ती सगळी व्यायामशाळेत जाणारी आहेत."

देवस्थळींनी चष्मा पुसला. "ठीक. उद्या दोन्ही गाड्या ठेवा. माणूस तुम्ही आणा. त्याला जुना लागला नाही आणि नवा लागला, तरच बदलू. नाहीतर जुनाच जाईल."

संस्कृतीनं हिशेब विभागातल्या मंदाकिनीताईंना आणलं. निवृत्तीला टेकलेल्या, अंगानं किरकोळ.

"पाठ धरली तर रजा भरपगारी का?" त्यांनी देवस्थळींना विचारलं.

"अर्ज करा, बघू."

जुन्या गाडीनं त्यांना दाद दिली नाही. अर्धी उचलली जाई आणि परत येई. मग त्या नव्या गाडीकडे गेल्या, दांडीवर पाय ठेवला. संस्कृतीला तिकडे बघवेना. गाडी मागे सरकली, चढली आणि थांबली.

"लागला?" मंदाकिनीताई म्हणाल्या. "मी अजून जोर लावलाच नव्हता."

देवस्थळी स्वतः पुढे झाले. स्टँड काढला, लावला, गाडी हलवून पाहिली. डुगडुगली नाही.

"ड्रॉइंगवर माझी सही घ्या," ते म्हणाले. "आणि रंगवाल्यांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल."

नवी स्कूटर वाघोलीला आली तेव्हा संस्कृती आईच्या मागे बसून पतसंस्थेपर्यंत गेली आणि उतरून मुद्दाम लांब उभी राहिली. विजयमालाबाईंनी सवयीनं आजूबाजूला पाहिलं, कुणी भाऊ दिसतो का. कुणी नव्हतं. त्यांनी पदर खोचला, पाय दिला. गाडी चढली.

"सोपंच हाय की," त्या किल्ली काढत म्हणाल्या. "यात तू काय केलंस मंग?"

"काही नाही," संस्कृती म्हणाली, आणि इतकं बरं तिला कुणाच्याच शाबासकीनं वाटलं नव्हतं.

विजयमालाबाई पायऱ्या चढल्या. गाडी नीट उभी आहे का, हे त्यांनी वळून पाहिलं नाही. संस्कृतीनं पाहिलं. खाली चिखलात तो वळणदार तळवा टेकला होता, वरचं सगळं वजन घेऊन. मग ताठ मानेनं ती आईच्या मागोमाग आत गेली.