बेटावरची घागर

जालन्याकडच्या धावड्याचा मच्छिंद्र अंदमानातल्या त्या लहानशा बेटावर उतरला, तेव्हा त्यानं आधी खाली वाकून माती पाहिली. समोर एवढा निळा समुद्र पसरलेला, सोबतचे प्रवासी त्या पाण्याकडं बघून खुळावलेले, आणि हा मूठभर वाळू उचलून बोटांतून गाळत बसला. विहिरी खोदणाऱ्याच्या पोराची नजर आधी जमिनीवरच जाते. मुरूम नाही, काळा दगड नाही. पहार लावायची गरज नाही, सुरुंगाची नाही. इथं तर खुरप्यानंही विहीर होईल, असं त्याला वाटलं.

२००८ सालचा मार्च होता. मच्छिंद्र जालन्यात संगणकावर घरांचे नकाशे काढायला शिकला होता. पुण्याचे एक इंजिनिअर त्याला काम देत. ते म्हणाले होते, "तू कुठंही बस बाबा, फक्त शनिवारी नकाशे आले पाहिजेत." दुसऱ्या कोणी पुणं गाठलं असतं. याच्या मनात मात्र लहानपणापासून एकच होतं, की एकदा अशा जागी राहायचं जिथं सगळीकडं पाणीच पाणी असेल. हापशावर नंबर लावून ज्याची अर्धी शाळा बुडाली, त्यालाच ही ओढ कळेल.

त्याचा बाप रामराव चाळीस वर्षं दहा गावांच्या विहिरी खोदत राहिला. स्वतःचं वावर नव्हतं, म्हणून स्वतःची विहीरही नव्हती. पण त्याचा एक नेम होता. पाणी लागलं की पहिली ओंजळ तो स्वतः प्यायचा आणि वर उभ्या असलेल्या मालकाला खरं काय ते सांगायचा. गोड असेल तर गोड, मचूळ असेल तर मचूळ. त्या एका शब्दासाठी लोक त्याला लांबून बोलावून नेत. गेल्या दिवाळीनंतर तो गेला. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावानं नवी घागर भरायची होती, पहिल्या वर्षाची, आणि ती मुलाच्याच हातानं भरायची असते. आईनं, झुंबरबाईनं, पोराला त्याच बोलीवर सोडलं होतं.

"आखाजीला ये म्हंजे झालं," ती म्हणाली होती. "मंग समुद्रात राह्य न्हाईतर आभाळात."

त्यानं परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं.

बेटावर तो निताई मंडल नावाच्या बंगाली माणसाच्या आवारात राहिला. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, मागं सुपारीची झाडं, अंगणात विहीर. निताई पन्नाशीचा, नारळाचा धंदा करणारा. बायको शेफाली, तिला सगळे बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत. बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत चाले. निताई त्याला 'जालनाबाबू' म्हणे.

पहिले आठ दिवस मच्छिंद्र नुसता बघत राहिला. इतकं हिरवं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हवेला मिठाचा आणि सुकत्या मासळीचा वास होता. अंगावरचा घाम वाळतच नसे, लॅपटॉपची बटणं चिकट होत. धक्क्याजवळच्या दुकानात इंटरनेट होतं. एक नकाशा पुण्याला पोचेपर्यंत माणसाचं जेवण उरकून हात वाळत. मग तो वाळूत बसून पाण्याकडं पाही. सगळं होतं. तरी संध्याकाळी त्याला धावड्याच्या वाऱ्याची आठवण यायची, कोरड्या, गवताचा वास असलेल्या वाऱ्याची. त्याचं त्यालाच नवल वाटे.

एप्रिल लागला आणि निताईची विहीर आटत आली. दहा हात खोल जेमतेम. सकाळी पाच-सहा बादल्या निघत, मग दुपारपर्यंत थांबायचं. मच्छिंद्रला ते बघवेना.

"दादा, आमच्याकडं सात परस खाली जाऊन दगड फोडावा लागतो," तो म्हणाला. एक परस म्हणजे हात वर केलेला उभा माणूस. "तुम्ही दोन परसांवरच थांबलात."

"आमचे बाबा एवढीच खोदून गेले, जालनाबाबू."

"माझा बाप असता तर एका दिवसात पाणी काढून दिलं असतं."

पाहुण्याला नको म्हणणं निताईच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो नारळ घेऊन दुसऱ्या बेटावर गेला, आणि मच्छिंद्र फावडं घेऊन विहिरीत उतरला. बाप गेल्यापासून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. फावडं वाळूत सपकन जात होतं. घमेली बौदी वर ओढत होती. चार हात खाली गेल्यावर चहूबाजूंनी पाणी आत आलं, गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. त्यानं बापासारखीच पहिली ओंजळ प्यायली आणि वर बघून ओरडला, "मीठा है बौदी."

संध्याकाळी त्यानं गावाकडच्या साहेबराव शेजाऱ्याच्या मोबाईलवर आईला बोलावून घेतलं.

"पाणी लागलं, आये."

"तिथंबी विहीरच खोदून राह्यला का?" ती हसली. "बापाचं रगत."

सकाळी बौदीनं चहा केला आणि दूध फाटलं. दुसऱ्यांदा केला, तोही फाटला. मच्छिंद्रनं विहिरीचं पाणी जिभेवर घेतलं आणि तसाच उभा राहिला. पाणी खारट झालं होतं.

निताई दुपारच्या बोटीनं आला. विहिरीत डोकावला, बोट बुडवून चाखलं आणि काठावर बसला.

"इथं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, जालनाबाबू," तो म्हणाला. "दुधावर साय असते तसं. ती वरच्या वर काढून घ्यायची. खाली हात घालायचा नाही."

"मग आता?"

"आता वाळू परत भरायची. आणि थांबायचं."

"किती दिवस?"

"ते पाणी सांगेल."

बौदी आतून म्हणाली, "याच्या बापानं दगड फोडला, यानं आमची साय फोडली." त्यात राग होता, पण ताटही तिनं रोजच्यासारखंच वाढलं. तेच मच्छिंद्रला जास्त लागलं.

दोन दिवस तो वाळू भरत राहिला. तिसऱ्या दिवसापासून त्यानं खांद्यावर कावड घेतली. गोड्या पाण्याचा झरा तीन किलोमीटरवर, टेकडीच्या पायथ्याशी. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन, मधल्या वेळात नकाशे. पुण्याच्या एका बंगल्याचा नकाशा चालू होता, त्यात पोहण्याचा तलाव होता. तलावाच्या रेघा ओढताना त्याचे खांदे ठणकत.

तिकिटाची तारीख आली. निताई म्हणाला, "तू जा. आईकडं काम आहे तुझं."

मच्छिंद्रनं आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

पलीकडून झुंबरबाईनं विचारलं, "त्या माणसाच्या घरात प्यायला पाणी हाय का?"

"मी आणतो तेवढंच."

"मंग तू कसा येशील?" ती म्हणाली. "मी समदं सारवून ठेवल्तं रे."

आखाजीच्या सकाळी तो विहिरीत उतरला. ओंजळभर पाणी प्यायला. निताई वर उभा होता.

"अजून खारट आहे," मच्छिंद्र म्हणाला. "पण परवापेक्षा कमी."

निताईनं मान हलवली. बौदीनं तिची मातीची नवी कळशी पुढं केली. ती घेऊन मच्छिंद्र झऱ्यावर गेला, भरून आणली, अंगणात ओल्या वाळूवर ठेवली, वर आंबा ठेवला आणि बापाचं नाव घेतलं. मग फोन लावला.

"भरली का?" आईनं विचारलं.

"भरली."

"पाणी गोड हाय का?"

"गोड हाय. पण इथल्या विहिरीचं न्हाई. लांबून आणलंय, दुसऱ्याचं."

"असू दे," झुंबरबाई म्हणाली. "त्यानं तरी कवा सोताच्या विहिरीचं पेलं होतं."

फोन ठेवून तो बराच वेळ कळशीजवळ बसला. झाडांपलीकडं समुद्र होता तसाच निळा होता. त्याला मात्र धावड्याचं अंगण दिसत होतं, सारवलेलं, रिकामं. मग उन्हं चढू लागली तसा तो उठला. कावड खांद्यावर घेतली. दुसरी खेप राहिली होती.