आमच्या संघातला तरुण मतदार

ज्याला ह्या गृहस्थाने मत दिलं आणि जो निवडून आला, असा उमेदवार टिटवाळ्यापासून ठाण्याच्या खाडीपर्यंतच्या मुलखात अजून जन्माला यायचाय. गृहस्थ म्हणजे माझ्याहून बारा वर्षांनी धाकट्या भावाचा शाळासोबती. भाऊ बंगळूरला गेला आणि तिकडचाच झाला, पण हा इथे ठाण्याला, नौपाड्यातच राहिला आणि भावाच्या वाट्याचं मला ‘दादा’ म्हणणंही ह्यानेच चालू ठेवलं. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात ह्याचं मत विचारणारं कुणी नव्हतं. सगळा उत्साह बाहेरच्या निवडणुकांच्या कामी आला. कॉलेजात ह्याने ज्याला पाठिंबा दिला त्याच्याविरुद्ध कुणी उभंच नव्हतं, तरी तो पडला. गडी अर्जावर सही करायलाच विसरला होता. कोलशेतच्या कंपनीत असताना युनियनच्या निवडणुकीत ह्याचा माणूस चांगला पुढे होता, तर मतमोजणी चालू असतानाच कंपनीला टाळं लागलं. पुढे पुढे ही ख्याती इतकी पसरली की नगरसेवक व्हायला निघालेला एकजण मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ह्याच्या दारात हात जोडून उभा राहिला. म्हणाला, “काका, तुमचे आशीर्वाद राहू द्या, पण मत तेवढं समोरच्याला टाका.” ह्याने त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मत त्यालाच दिलं. “मी मत विकत नाही आणि बदलत पण नाही,” असं वर मलाच ऐकवलं. तो उमेदवार पडला हे सांगायला नकोच.

बरं, मत देण्याची कारणं तरी धड असावीत? पक्ष, जाहीरनामा, आश्वासनं ह्यांकडे हा ढुंकूनही पाहत नसे. एकाला मत दिलं, कारण बॅनरवरच्या फोटोत नमस्कार करताना त्याचे दोन्ही अंगठे जुळलेले होते. “अंगठे सुटे ठेवून नमस्कार करतो ना दादा, त्या माणसाचं मन दुसरीकडे असतं.” एकाला दिलं, कारण प्रचाराला आल्यावर दिलेलं पाणी पिऊन त्याने भांडं आत मोरीवर नेऊन ठेवलं. एकाच्या प्रचाराच्या रिक्षाने डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर कर्णा बंद केला, तेवढ्यावर ह्याने त्याचं काम पंधरा दिवस फुकट केलं. एकदा तर पत्रकात शुद्धलेखनाची एकही चूक नाही म्हणून ह्याने एका अपक्षाला मत दिलं आणि त्या अपक्षाला पडलेल्या मतांत ते उठून दिसलं. ही कारणं ऐकून हसू यायचं, पण खोडून काढायला गेलं की जमायचं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, “अरे, अंगठे बघून कुणी राज्य सोपवतं का?” तर म्हणाला, “तुम्ही भाषणं ऐकून सोपवलंत, काय झालं?”

हा साठ वर्षांचा झाला त्या दिवसाची हकीगत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अजून सांगतात. संघात साठी उलटल्याशिवाय प्रवेश नाही, आणि माणसं शक्यतो उलटली तरी कळू देत नाहीत. हा मात्र वाढदिवसाच्या सकाळी आधार कार्ड आणि पेढ्यांचा पुडा घेऊन खोली उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसला. आमच्यात सत्तरीच्या खालचं कुणी शोधून सापडायचं नाही. त्यात हा खुर्च्या उचलू लागला, स्टुलावर चढून पंखे पुसू लागला आणि पंचाऐंशी वर्षांच्या काकूंनी “अरे पोरा, जरा तो दिवा लाव” म्हटलं की लाजून लाल होऊ लागला. येत्या महिन्यात संघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. हा सगळ्यांना सांगत सुटला, “मी पहिल्यांदाच मतदान करणाराय. आम्हा तरुणांनी पुढे आलं पाहिजे.”

पण ह्या पहिल्या मतदानाची एक दुखरी बाजू होती आणि ती त्याने मला एकट्याला सांगितली. भावांनी मिळून नौपाड्यातली वडिलांची जागा विकली होती आणि ह्याच्या वाट्यातून ह्याला टिटवाळ्याला एका नव्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं होतं. निवडणुकीच्याच महिन्याच्या अखेरीला टेम्पो यायचा होता. संघाचा सभासद नौपाड्यातला रहिवासीच असला पाहिजे असा नियम. तेव्हा ही पहिली निवडणूक हीच त्याची इथली शेवटची. “दादा, हसू नका,” तो म्हणाला, “पण एकदा तरी माझं मत लागलं पाहिजे यार. आणि ते इथे लागलं पाहिजे. टिटवाळ्यात मला कोण ओळखतं?” मी हसलो नाही.

आता मी उमेदवार कसा झालो ते सांगतो, कारण ते पापही त्याचंच. सर्वसाधारण सभेत अध्यक्षपदासाठी नावं मागवणं चालू होतं. आमच्या उपाध्यक्षा, एका शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, ह्यांचं नाव आलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई खरोखरच हुशार, टापटिपीच्या. त्यांच्यासमोर अजूनही माणसं आपोआप ताठ बसतात. तेवढ्यात पंख्याचा वारा माझ्या मानेवर यायला लागला म्हणून तो कमी करा हे सांगायला मी हात वर केला. हा नवा सभासद ‘अनुमोदन’ हा शब्द नुकताच शिकला होता. तो वापरायची संधी कधी मिळते ह्याची वाट पाहत असलेला हा ताडकन उभा राहिला आणि गरजला, “दादा उभे राहतात. माझं अनुमोदन!” टाळ्या पडल्या. पंखा तसाच राहिला.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, काळजी करू नकोस, ह्याचा पाठिंबा आहे म्हणजे मी पडणार हे नक्की. खरं सांगायचं तर मी निश्चिंत होतो. पण दुसऱ्या दिवसापासून ह्याने घरोघर प्रचार सुरू केला आणि माझी झोप उडाली. मला पाठिंबा देण्याची ह्याची कारणं आळीभर फिरू लागली. “दादांना ऐकायला कमी येतं. अध्यक्षाला अजून काय पाहिजे? कोण काय बोलला हे कळलंच नाही तर भांडण होईल कसं?” “दादांचा आवाज दोन मिनिटांत बसतो. भाषण लांबायचा प्रश्नच नाही.” “दादांना डायबिटीस आहे. कोजागिरीला एक वाटी बासुंदी दरवर्षी शिल्लक, लिहून घ्या.” “दादांच्या गुडघ्यांची वाट लागलीय. जिना चढायचा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. हा माणूस संघाची खोली पहिल्या मजल्यावरून खाली आणल्याशिवाय राहायचा नाही.” भाजी घ्यायला गेलो की अनोळखी माणसं माझ्या गुडघ्यांकडे आदराने बघायची. बायको म्हणाली, “इतकी वर्षं ज्याच्यावरून मी तुमच्याशी भांडले, ते सगळे तुमचे गुण होते होय? आधी सांगायचं नाही का कुणी?”

आणि मग व्हायचं तेच झालं. मला निवडून यावंसं वाटू लागलं. न्हाणीघरात आभाराचं भाषण करून पाहिलं, दोन मिनिटांत आवाज बसला, आणि मी स्वतःशीच म्हटलं, उत्तम, लांबणार नाही. जिन्याखाली पायरीवर बसून राहणारी दोन म्हातारी माणसं मला दिसत होतीच. संघाचं वर्तमानपत्र कुणी खाली आणून देईल म्हणून ती तिथे थांबायची. खोली खाली आणावी हे मला आता मनापासून वाटत होतं. फक्त ह्या गृहस्थाचं मत मला मिळणार, हा एक विचार काही पाठ सोडत नव्हता. मी ते त्याला बोललो नाही, पण मतदानाच्या आदल्या दिवशी चहा पिताना माझ्या तोंडून निघून गेलंच, “तुझं मत मलाच ना रे?” तो कपात बघत म्हणाला, “मी कधी बदललंय का दादा?”

मतदान रविवारी सकाळी झालं. फरसाणाचा रिकामा डबा ही मतपेटी आणि कॅरमबोर्डापुढे बांधलेली जुनी साडी हा पडदा. शाईशिवाय मतदान म्हणजे काय, म्हणून ह्याने स्वतःचा मार्कर आणला होता आणि येईल त्याच्या बोटावर रेघ ओढत होता. पंचाऐंशीच्या काकूंनी दोन्ही हात पुढे केले, तेव्हा “काकू, एकच, एकच” म्हणून त्याने त्यांना आवरलं. शेवटी स्वतःच्या नखावर रेघ ओढून तो साडीमागे गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. कॅरम खेळत बसला की काय, असं कुणीतरी म्हणालं. मीही जाऊन आलो आणि मत, थोडं लाजत का होईना, स्वतःलाच दिलं.

डबा उघडला. मी एका मताने पडलो. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “आपल्या गुडघ्यांचा मुद्दा मला पटला आहे. खोली खाली आणूया.” आणि खरंच पुढे त्यांनी ती आणली. एवढं झाल्यावर मला दुःख करायला जागाच उरली नाही. पण आमचा तरुण मतदार कुठे दिसेना. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला सापडला.

“दादा, तुमची वाट लावली मी,” तो म्हणाला.

“अरे, एका मताने काय होतं?”

“त्याच एका मताने झालं. मी बाईंना दिलं.”

मला वाटलं माझ्या कानाचा दोष. पण तो पुढे म्हणाला, “मी पनवती आहे, हे सगळा नौपाडा बोलतो. मला काय कळत नाही? म्हटलं, तुम्हाला दिलं तर तुम्ही गेलात. म्हणून समोर टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा बदललं, आणि नेमकं तेच लागलं.”

त्याने मत माझ्याकडेच ठेवलं असतं तर बाई एका मताने पडल्या असत्या, एवढा हिशेब मलाही जमला. मी त्याच्या शेजारी बसलो, गुडघ्यांना न जुमानता. म्हटलं, “अरे, मग रडतोस काय? तुझं मत लागलं की. तेही नौपाड्यात. तुला हेच हवं होतं ना?”

त्याने नखावरची रेघ अंगठ्याने घासून पाहिली. ती निघत नव्हती. “मत लागलं हो दादा,” तो म्हणाला, “पण माझा माणूस पडला ना.”

महिनाअखेर टेम्पो आला आणि तो गेला. टिटवाळ्याला त्याने महिन्याभरात तिथला ज्येष्ठांचा संघ शोधून काढला, आणि तिथेही तोच सगळ्यांत लहान निघाला. परवा त्याचा फोन आला होता. तिकडे निवडणूक आहे आणि दोन उमेदवारांपैकी एकजण चप्पल काढताना दुसऱ्यांच्या चपलाही सरळ लावतो, म्हणून हा त्याच्या बाजूचा आहे. “आता काय करू? त्याला देऊ, का समोरच्याला देऊ?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “ज्याला मनापासून द्यावंसं वाटतं, त्यालाच दे रे बाबा. पडला तर पडला. त्याला निदान कळेल तरी, आपलं चपला लावणं कुणीतरी बघत होतं.” पलीकडे तो काहीतरी म्हणाला, ते मला नीट ऐकू आलं नाही.

आमचा संघ आता छान चालतो. सभा वेळेवर सुरू होते, वेळेवर संपते, बाईंना सगळं ऐकू येतं. मला मात्र तिथे बसलं की चुकल्यासारखं होतं. माझे कान, माझा आवाज, माझे गुडघे हे सगळे पुन्हा नुसते आजार झालेत. तो गेल्यापासून त्यांना गुण म्हणणारं नौपाड्यात कुणी राहिलेलं नाही.